माझ्या पोटरीतला नारू

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. नाहीतर चहा प्या आणि सरळ घरी जा!

लढाई संपली होती, पण कापड अजून रेशनवरच मिळत होतं, तेव्हाची गोष्ट. मिरजगावजवळच्या एका खेड्यात मी शाळामास्तर होतो. गावाचं पिण्याचं पाणी पायऱ्यांच्या बारवेतलं. लोक घोटाभर पाण्यात उतरून हंडे भरायचे आणि त्याच पाण्यातून नारू व्हायचा. नारू ठाऊक आहे ना? दोऱ्यासारखा हातभर लांब किडा! गढूळ पाण्यातून पोटात जातो आणि वर्षभरानं पायातून डोकं बाहेर काढतो. मग काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा.

यावर मी काय भाषणं ठोकली आहेत म्हणून सांगू! "पाणी गाळा, नाहीतर उकळा. नारू होतो तो आळशी माणसाला!"

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम तुका आबांकडे बघून म्हणायचो. आबा शेतकरी, पण गावातले सगळे नारू तेच काढायचे. त्यांना स्वतःला तीनदा झाला होता. बिचारे खाली मान घालून ऐकायचे.

आणि एके दिवशी आंघोळ करताना बघतो, तर माझ्याच डाव्या पोटरीवर निळसर, वेटोळं घातलेलं, दोरीसारखं काहीतरी फुगलेलं!

आता कुठल्या तोंडानं गावात फिरू?

लपवायचं ठरवलं. बसलं की धोतर वर सरकायचं, म्हणून बसणंच सोडलं. दिवसभर फळ्याच्या तिवईमागे डावा पाय दडवून उभा. पारावर उभा, चावडीवर उभा! कुणी "बसा की मास्तर" म्हटलं की काहीतरी काम काढून सटकायचो. पाय ठणकायचा, मनाला घडीभर चैन नाही. आणि मी जितका उभा राहीन तितका तो मेला फुगायचा! घरी आलो की बादलीत पाय सोडून बसायचो, कारण पाण्यात नारू तोंड काढतो म्हणतात. आठ दिवस बसलो. ढिम्म!

शेवटी गुपचूप आबांना गाठलं. त्यांनी पोटरी चाचपली.

"मास्तर, ह्यो नारू न्हाई."

"नारूच आहे! काढा, आबा."

"आवो, फोड न्हाई, त्वांड न्हाई, काढू काय? नगरला डाक्टरला दावा."

मी मनात म्हटलं, याला काय कळतंय! तरी मोटार धरून नगर गाठलं.

डॉक्टरांनी मला आडवं करून पाय वर धरला. दोरी गडप! उभं केलं, दोरी हजर!

"शिरा फुगल्यात, मास्तर. आतल्या झडपा ढिल्या पडल्या की रक्त वर चढत नाही, खाली साचतं. फार उभे राहता का?"

मी कपाळावर हात मारला!

"बसत चला, पाय उंच ठेवून. आणि सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी बोटांपासून गुडघ्यापर्यंत पट्टी बांधत जा."

गावात शिरलो तो धोतर वर खोचूनच. पारावर ऐसपैस बसून साऱ्या गावाला पोटरी दाखवली. "नारू नाही, शिरा आहेत!"

आता पट्टीला कापड कुठलं आणायचं? रेशनचं केव्हाच संपलेलं. घरात घट्ट विणीचं एकच कापड होतं, हंड्यावरचं गाळणं. मी ते टरकन फाडलं.

"अहो, आता पाणी कशानं गाळू?" आमची ही कळवळली.

"राहू दे थोडे दिवस."

"मग उकळून देत जाईन."

"उकळलेल्या पाण्याला चव नसते!"

दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःपुरतं उकळायला लागली.

पोटरीला आराम पडला. वर्ष गेलं. मग एकदा घोट्याजवळ पट्टीखाली फोड आला, आणि आग आग व्हायला लागली. आबा बघायला आले.

"मास्तर, नारू!"

"शीर आहे, आबा! नगरच्या डॉक्टरांनी सांगितलंय." मी पाटीवर झडपेचं चित्रसुद्धा काढून दाखवलं.

आबांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पट्टी सोडली आणि माझा पाय बादलीत घातला. थोड्या वेळानं माझ्या शिरेनं पांढरं डोकं बाहेर काढलं!

आबांनी 'आळशी' हा शब्द काढलाच नाही. तेच मला फार लागलं. त्यांनी काडी घेतली, डोकं हळूच गुंडाळलं. मग ती सोडलेली पट्टी उचलून उजेडात धरली आणि अगदी आपुलकीनं म्हणाले,

"लई झ्याक कापड हाय, मास्तर. पायाला कशाला गुंडाळता? ह्यानं पानी गाळत जावा."