न नोंदलेला वास

जावा बेटावरच्या बान्युमासमधल्या त्या लहानशा कॉलेजात बु तुर्सिना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या, आणि मुलं त्यांच्या लाल पेनाला फार भ्यायची. वहीतल्या प्रत्येक नोंदीपुढे ती करणाऱ्याचं नाव लागायचं. कुणी पाहिलं, कुणी हुंगलं, कुणी मोजलं. नाव नसलं की लाल अक्षरांत एवढंच: 'कुणी? नाव?' बु म्हणजे बाई; मुलं मागून त्यांना 'बु कुणी' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं.

आणखी एका गोष्टीवरून त्यांची चेष्टा व्हायची. सगळं गाव सकाळी टेंपेची, म्हणजे बुरशीने आंबवून बांधलेल्या सोयाबीनच्या वडीची, भजी खातं, आणि या बाई टेंपेला हात लावायच्या नाहीत. शिपाई पाक वार्सुन तोंडावर म्हणायचा, "बान्युमासात राहून टेंपे खात नाही, मग पगार तरी कशाला घेता, बु?" त्या हसून पोटाचं कारण सांगायच्या.

कॉलेजला प्रयोगशाळा नव्हतीच म्हणा. एक जुना मायक्रोस्कोप होता, तो तपासणीला आलेल्यांना दाखवायला. बाकी सगळं कॉम्प्युटरवर. पडद्यावरची नळी उचलायची, पडद्यावरच्या थाळीत थेंब सोडायचा, चुकलं तर कोपऱ्यातला बाण दाबायचा, की चूक पुसली जायची. बु तुर्सिनांना त्या बाणाचा राग होता. पुसता येणारी चूक कुणाला काय शिकवणार? म्हणून त्यांनी प्रकल्प काढला. प्रत्येकाने घरच्या टेंपेचा नमुना आणायचा आणि आईची, आजीची पद्धत लिहायची. नमुने शहरात तपासायला जातील, सहा आठवड्यांनी अहवाल येईल, मग कुणाच्या घरात कोणते जिवाणू नांदतात ते पडद्यावर रंगीत पट्ट्यांत मांडायचं.

फातिखाने आपली डबी टेबलावर ठेवली. चिठ्ठीवर 'सोयाबीन' लिहिलं होतं. बु तुर्सिनांनी झाकण उघडलं आणि त्यांना खोबऱ्याचा वास आला, जरा गोडसर, जरा खवट. चौतीस वर्षांत तो वास त्यांच्या नाकात शिरला नव्हता. पण तो ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही.

ते बोंगक्रेक होतं. तेल काढून उरलेल्या खोबऱ्याच्या चोथ्याचं टेंपे. त्यात एक वाईट जिवाणू शिरला की विष होतं, आणि खाणारा दुसरा दिवस मावळलेला बघत नाही. म्हणून सरकारने ते केव्हाच बंद केलं. तुर्सिना आठ वर्षांच्या असताना त्यांच्या आईने, साकेमने, केलेल्या बोंगक्रेकने वाडीतली अकरा माणसं गेली. वडील आणि दोन भाऊ त्यातच. तुर्सिना तापाने पडून होत्या, त्यांच्या पोटात पेजेशिवाय काही नव्हतं. साकेमचा सोमवारचा उपास होता म्हणून ती वाचली, आणि वाचल्याबद्दल तिला कुणी क्षमा केली नाही. डोंगराकडच्या गावांत तिचं नाव अजून शिवीसारखं घेतात. मायलेकी गाव सोडून इथे आल्या, आणि इथे कुणाला काही ठाऊक नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"सोयाबीनचंच आहे ना?" त्यांनी विचारलं.

फातिखाने खाली बघत 'हो' म्हटलं.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण बु तुर्सिनांना त्या दिवशी आरसाच हवा होता. नाव घेतलं असतं तर वर्गाने विचारलं असतं, तुम्हाला कसं कळलं? असल्या वासाची ओळख पुस्तकातून होत नाही. अहवाल येऊ दे, कागद बोलेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. डबीवर सतरा क्रमांक घातला आणि ती शहरात पाठवली. शास्त्राला धरून वागले, असं पुढे त्यांना म्हणता आलं असतं. खरं सांगायचं तर त्या भ्याल्या.

चौथ्या आठवड्यात फातिखा वर्गात आली नाही. तिच्या आजीने, म्बाह कार्तेमने, पुन्हा तेल काढलं होतं, आणि चोथा टाकायला तिचा जीव होईना. वडीवर पिवळा डाग दिसला तेवढा तिने कापून फेकला आणि उरलेली वडी तळली. पिवळं काढलं की भागलं, असं तिकडच्या जुन्या बायका धरून चालतात. पण जे मारतं त्याला रंग नसतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आजी गेली, आणि फातिखाची सात वर्षांची बहीण लास्मीही गेली.

अहवाल आला तो वरातीमागून घोडं. पडद्यावर सगळ्यांच्या पट्ट्या हिरव्यानिळ्या होत्या. सतराव्या पट्टीत तळाशी एक बारीक लाल रेघ होती, त्या वाईट जिवाणूची. बाकीचे निघून गेल्यावर फातिखा टेबलाशी आली.

"आजी म्हणाली, खरं लिहू नकोस, पोलीस येतील. म्हणून मी सोयाबीन लिहिलं, बु. खरं लिहिलं असतं तर तुम्ही थांबवलं असतं ना?"

'हो' म्हणणं सोपं होतं. मग ती पोर तो दगड जन्मभर उरावर वागवत फिरली असती.

"मला वासावरून कळलं होतं," बु तुर्सिना म्हणाल्या. "डबी उघडली तेव्हाच."

"मग?"

"माझ्या आईच्या बोंगक्रेकने माणसं मेली होती. ते कळेल म्हणून मी गप्प बसले."

फातिखा रडली नाही. "तीन आठवडे होते, बु," एवढंच म्हणाली आणि पिशवी उचलून गेली.

महिनाअखेरीस तिची वही आली. शेवटच्या पानावर, प्रकल्पात झालेल्या चुका लिहायच्या जागी, दोन ओळी होत्या. पहिली, 'नमुन्याचं नाव खोटं लिहिलं,' आणि पुढे तिचं स्वतःचं नाव. दुसरी, 'डबी उघडताच वास ओळखला, पण कुणाला सांगितलं नाही.' तिच्यापुढची जागा कोरी होती.

ती दयेने कोरी सोडली होती की रागाने, हे बु तुर्सिनांना कधीच कळलं नाही. वह्या पुढे प्राचार्यांकडे जायच्या होत्या. त्यांनी लाल पेन उघडलं आणि नेहमीसारखं लिहिलं, 'कुणी? नाव?' मग त्याच शाईने त्या कोऱ्या जागेत उत्तर लिहिलं: तुर्सिना, साकेमची मुलगी.