विमानाने येतो

"खजूर तरी ठेवा, नाही तर तुम्ही तरी राहा," कराचीच्या विमानतळावरचा कारकून काट्याशेजारी उभा राहून ओरडत होता. टपालाच्या त्या विमानात उतारू एकच बसे, आणि त्यालाही पोत्यासारखा तोलून घेत. मी खजुराचा डबा त्याच्या हवाली केला. भाचीला बोहल्यावर मामाने न्यायचे असते, आणि तिला मामा मी एकच. रजा मिळाली उशिरा. मुहूर्त दुसऱ्या दिवशी गोरज. कराचीची आगबोट धरली असती, तर मांडव सोडायला पोचलो असतो.

बहिणीला तार ठोकली : 'विमानाने येतो.' मुंबईहून पुढे रत्नागिरीपर्यंत आगबोटच आहे, हे तारेत घातले नाही. एवढ्या भारी बातमीला आगबोटीचे शेपूट कशाला?

त्याच सकाळी उडालो. खाली कच्छचे रण नासलेल्या दुधासारखे. एक गिधाड बरोबरीने उडता उडता दमले आणि आमच्या पंखावर टेकले. हे सांगितले की रत्नागिरीकर माना डोलावतात; शंका घेतात ती तिकिटाच्या पैशांवर. अहमदाबादेला तेल भरले, दुपारी मुंबई. आगबोटीचे दोन दिवस जेवणाआधी संपले. कान तेवढे वर राहिले.

संध्याकाळची आगबोट मात्र प्रत्येक बंदराला बसून पान खाल्ल्यासारखी चालली. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीसमोर आलो तेव्हा ऊन कलले होते. पडावातून (किनाऱ्यावर नेणाऱ्या होडीतून) उतरलो, तर घरचे कोणी नाही.

"तुमची गाडी सड्यावर गेली," पडावाचा तांडेल म्हणाला.

"सड्यावर कशाला?"

"विमान उतरायला सपाट जागा तीच. निम्मं वऱ्हाड तिथं हाय. बाकीच्या गाड्या पण त्यांनीच नेल्या."

बहिणीचे गाव तीन कोस. बॅग डोक्यावर घेऊन चढण चढलो. पायांना इतके फोड आले, की उंची दोन बोटांनी वाढली. सड्यावर, त्या उघड्या कातळावर, माणसे आभाळाकडे तोंड करून उभी. विमानाला जागा कळावी म्हणून ओले गवत पेटवून धूर केलेला. वाजंत्री तर धुरात खोकून खोकून बसलेले.

"मामा, तुम्ही चालत?" गाडीवान धोंडू म्हणाला. "विमान कुठाय?"

"मुंबईत."

"सकाळपासनं वर बघतोय. मान आखडली."

त्याने बैल उधळल्यासारखे पळवले. तरी मांडवात शिरलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. भाचीमागे मामा म्हणून गावच्या पोस्टमनला उभे केले होते. तार घेऊन तोच आला होता, घरचाच वाटला. भाचीने मला वाकून नमस्कार केला. वर पाहिले नाही.

बहीण पत्रावळ घेऊन आली. मी म्हटले, "अक्का, कराची ते मुंबई अर्ध्या दिवसात आलो गं."

"लग्न इथं होतं," ती म्हणाली.