सिस्टरमावशी आणि सालीची पावडर

सिस्टरमावशींनी कुणाचं बोलणं पहिल्या झटक्यात खरं मानलंय, असं मी कधी पाहिलं नाही. सफरचंद घ्यायचं झालं तरी आधी नखानं साल खरवडायच्या, मेण निघतंय का बघायच्या, मग फळवाल्याकडं अशा रोखून बघायच्या की तो बिचारा आपणहून दुसरं फळ पुढं करायचा. संगमनेरात आमच्या शेजारी त्या एकट्या राहायच्या. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून उभी हयात गेलेली. निवृत्त झाल्या तरी गल्लीला त्या सिस्टरच, आणि मला सिस्टरमावशी.

या स्वभावाचा त्रासही व्हायचा. माझं लग्न ठरलं तेव्हा कुणी न सांगता त्या कोपरगावला जाऊन मुलाची चौकशी करून आल्या. आई चिडली. मावशी शांतपणे म्हणाल्या, "वाईट काहीच सापडलं नाही. त्याचीच काळजी वाटते." पुढं बरीच वर्षं माझ्या नवऱ्याला चहा देताना त्या त्याला निरखून घ्यायच्या.

माझे वडील, अण्णा, दूध संघातून निवृत्त झालेले. त्यांना साखरेचा आजार होता आणि गोळ्यांचा भारी कंटाळा. मी माहेरी आले असताना गावातल्या एका मंगल कार्यालयात सफरचंदाच्या सालीची पावडर विकणाऱ्याची सभा झाली. अण्णा गेले, मला घेऊन मावशीही गेल्या. तो तरुण पॉलिफेनॉल, क्वेर्सेटिन असे शब्द सहज पेरत होता. सालीतली ही द्रव्यं साखर, रक्तदाब, हृदय, सगळं ताळ्यावर आणतात म्हणत होता. मावशींनी उभं राहून विचारलं, हे काचेच्या बशीतल्या पेशींवर पाहिलंय, उंदरांवर, की साखरेच्या रोग्यांवर? त्यानं हात जोडले आणि म्हणाला, आई, निसर्गावर शंका घेऊ नये. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनीही.

वाटेत मी विचारलं, म्हणजे सगळं खोटंच का?

"सगळं खोटं असतं तर बरं झालं असतं," मावशी म्हणाल्या. "सालीत ती द्रव्यं असतात, त्यांच्यावर संशोधनही चाललंय. सफरचंद खावं, सालीसकट खावं. पण गोळीच्या जागी त्याला बसवू नये."

अण्णांनी पावडरीचा डबा आणलाच. गोळ्याही चालू आहेत असं ते सांगायचे, आणि आम्ही सगळ्यांनी ते मानलं. मावशींनी मानलं नाही. कोथिंबिरीच्या, वर्तमानपत्राच्या निमित्तानं त्या यायच्या आणि अण्णांकडं बघत बसायच्या. अण्णा सारखं पाणी पितात, सदरा अंगावर लोंबतोय, हे त्यांनी हेरलं होतं. एक दिवस अण्णा भडकले. "सिस्टर, माज्या घरात पोलिसावानी येत जाऊ नका." मावशी उठून गेल्या, त्या परत आल्या नाहीत. आईला वाटलं, दुखावल्या. पण त्या आपल्या ओट्यावर बसून आमच्या दाराकडं बघत असायच्या.

एका सकाळी अंगणातल्या नळापाशी अण्णांचा तोल गेला. ते सावरून घरात येतात न येतात तोच मावशी साखर मोजायचं मशीन घेऊन आत शिरल्या.

"अण्णा, बोट द्या."

"गोळ्या घेतोय मी, सिस्टर. पोरीची शपत."

"शपथ राहू द्या. बोट द्या."

मशीनवर आकडा आलाच नाही. साखर त्याच्या मोजण्यापलीकडं गेल्याची खूण आली. मावशींचा चेहरा बदलला नाही, पण रिक्षात दवाखान्यापर्यंत त्यांनी अण्णांचा हात सोडला नाही. तिथं अण्णांनी कबूल केलं, पावडर सुरू केली तेव्हाच गोळ्या बंद केल्या होत्या. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

अण्णा बरे होऊन घरी आले. मावशींनी एका शब्दानं त्यांना टोचलं नाही. फक्त गोळी गिळली की तोंड उघडून दाखवायला लावायच्या, आणि अण्णा निमूटपणे दाखवायचे.

गेल्या हिवाळ्यात मावशी झोपेतच गेल्या. अण्णा आयुष्यात पहिल्यांदा चर्चमध्ये आले आणि टोपी हातात धरून मागच्या बाकावर बसले. प्रार्थना झाल्यावर कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का, असं पाळकांनी विचारलं. अण्णा उठले. 

"पोरीची शपत घेऊन मी ह्या बाईशी खोटं बोललो," ते म्हणाले. "तिनं माज्यावर इस्वास ठेवला न्हाई. म्हनून मी आज हितं उभा हाय."