डोंगरवाल्या गेमचा निकाल

या वर्षातला सर्वांत निराशाजनक व्हिडिओ गेम कोणता, हे मी दीड दिवसात ठरवलं. त्याआधी आयुष्यात मी एकही व्हिडिओ गेम खेळलेला नव्हतो; पण अनुभव नसताना ठाम मत द्यायची मला सवय आहे (सरकारी खात्यात सव्वीस वर्षं काढली आहेत).

मुळात हे काम माझ्या मुलीचं. इरा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सहावीपासून गेम खेळते. इतकी वर्षं मी तिला एकच प्रश्न विचारत आलो, "याने काय मिळणार?" या डिसेंबरात उत्तर आलं. गेमबद्दल लिहिणाऱ्या एका हिंदी वेबसाइटनं तिला कळवलं, की वर्षातले तीन सर्वोत्तम आणि एक सर्वांत निराशाजनक गेम निवडून, कारणांसकट, रविवारी संध्याकाळी सहापर्यंत पाठव. लेख पसंत पडला तर दर महिन्याला तुझं सदर. हेच पत्र आणखी चार-पाच जणांना गेलेलं होतं, म्हणजे सहा वाजून एक मिनिटानं पाठवलं तरी विषय संपला.

तीन उत्तम गेम तिचे ठरले होते. फक्त एक नवाकोरा गेम खेळायचा राहिला होता, ज्याची म्हणे सगळं जग दोन वर्षं वाट बघत होतं. तो बघितल्याशिवाय यादी करणं म्हणजे नवरदेव यायच्या आधी पंगत उठवणं. आणि नेमके गुरुवारी इराचे डोळे आले.

आमच्या इंदूरच्या पलासिया भागातल्या डॉक्टरांनी थेंब दिले, काळा चष्मा दिला आणि बजावलं, "आठ दिन कोई स्क्रीन नहीं. मोबाइल भी नहीं." शिवाय घरात दुसऱ्या कुणाला लागू नये म्हणून ती मागच्या खोलीत, दार लोटून.

शुक्रवारभर आतून फक्त नाक ओढण्याचे आवाज आले. ते डोळ्यांमुळे नव्हते, हे बापाला कळतं. शनिवारी सकाळी मी पोह्यांची प्लेट दारात ठेवली आणि म्हणालो, "इरा, मी खेळतो. तू आतून विचार, मी बघून सांगतो."

"बाबा, तुमच्याकडून टीव्हीचं इनपुट बदलत नाही."

"ते रिमोटचं झालं. हा रिमोट वेगळा आहे."

"त्याला कंट्रोलर म्हणतात."

"बघ, शिकलो की."

दुसरा इलाज नव्हता, म्हणून ती तयार झाली. कामाची वाटणी अशी: मी खेळायचं आणि ओरडून सांगायचं, इरानं आतून मत बनवायचं, आणि संध्याकाळी ते तिच्या आईनं टाइप करायचं. आई, म्हणजे माधवी, शाळेत हिंदी शिकवते. ती त्याच हॉलमध्ये सहामाहीचे पेपर तपासत बसली होती, त्यामुळे तिची पहिली अट, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. ही अट लक्षात ठेवा. मी पाळली, पण लक्षात नाही ठेवली.

गेमचं इंग्रजी नाव इतकं लांब होतं, की आम्ही त्याला डोंगरवाला गेम म्हणू लागलो. गोष्ट सरळ होती. एका बर्फाळ डोंगरावर मोठी घंटा आहे, ती बंद पडल्यामुळे खालच्या खोऱ्यात सूर्य उगवत नाही. नायकानं वर जायचं आणि घंटा वाजवायची. सुरुवातीला नायकाचं नाव विचारतात. मी ‘भिया’, म्हणजे भैया, ठेवलं. इंदूरच्या माणसाला दुसरं काय सुचणार!

दहा मिनिटांत मला चालता आलं. पंधराव्या मिनिटाला वळता आलं. तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की त्या गावात भयंकर घाण आहे. जिकडेतिकडे रिकाम्या बाटल्या, फुटक्या टोपल्या, गंजलेल्या बादल्या, कुजकी सफरचंदं, हाडं. एका बाटलीजवळ गेलो तर पडद्यावर अक्षरं आली, ‘उचला’.

"उचल ना," माधवी पेपरातून मान वर करून म्हणाली. "काच आहे. कुणाच्या पायात जाईल."

मी उचलली. छान वाटलं. आमच्या राजेंद्र नगरात कुणी चॉकलेटचा कागद जरी टाकला तरी समोरच्या गॅलरीतून हाक येते, "ओ भिया, उठाओ." त्या संस्कारातून आलेला माणूस फुटकी बादली ओलांडून पुढे जाणं शक्यच नाही. मी गावाचं टोक गाठेपर्यंत सगळा रस्ता लख्ख केला. वाटेत कुणी गावकरी भेटला की थांबून बोललो (न बोलता जाणं बरं दिसत नाही). एक म्हातारा मला सतरा वेळा तेच वाक्य बोलला. मी सतराही वेळा ऐकून घेतलं.

"बाबा, कुठपर्यंत आलात?" आतून आवाज.

"गावातच आहे."

"अजून? दोन घंटे झाले. पळा ना."

"पळतोच आहे."

"मतलब?"

"हा त्याचा पळायचाच स्पीड आहे."

आतून गंभीर आवाजात, "अच्छा. हे नोट करून ठेवते."

खरं म्हणजे पहिल्या तासाला भिया बरा धावत होता. नंतर त्याचा वेग कमी कमी होत गेला, आणि दुपारपर्यंत तो वरातीतल्या काकांसारखा चालू लागला. पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल पिशवी लुकलुकत होती. मी माधवीला विचारलं, "ही पिशवी काय असेल?"

"भाजी आणायची असेल त्याला," ती म्हणाली. "आठवण करून देतात बिचारे. तुलाही असं काहीतरी पाहिजे."

डोंगराच्या पायथ्याशी लांडगे आले. लांडगे आले की नायक पळून जातो, अशी गेमवाल्यांची अपेक्षा असावी. आमचा भिया त्यांच्यामधून संथपणे चालत राहिला. लांडगेसुद्धा जरा बावरले. मग त्यांनी त्याला खाल्लं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा खाल्लं. शनिवारी संध्याकाळपर्यंत मी एकोणीस वेळा मेलो आणि दर वेळी जिवंत झाल्यावर आजूबाजूची हाडं उचलली.

रविवारीही तोच प्रकार. माझा मात्र आत्मविश्वास वाढत चालला होता. गेममधला दोष आता मला कळला होता, आणि दोष काढणं हे तर माझं रोजचं काम! इरा दारामागून विचारायची, मी ठणकावून उत्तर द्यायचो.

"उडी मारतो का?"

"चार बोटं."

"चढताना दम लागतो?"

"चढतच नाही."

"बाबा, नक्की? लोक तर बोलून राहिलेत की डोंगर चढण्यातच खरी मजा आहे."

"लोक काय बोलतात ते सोड. मी स्वतः खेळून राहिलोय."

चार वाजता तिनं निकाल दिला. माधवीनं लॅपटॉप दाराजवळ नेला आणि इरा सांगेल ते ती टाइप करू लागली. ‘इस साल का सबसे निराशाजनक गेम.’ नायक गोगलगाईला लाजवतो. बनवणाऱ्यांनी डोंगर बनवला पण चढायला पाय दिले नाहीत. एकेक वाक्य असं कडक, की ऐकताना मला वाटलं, पोरगी नाव काढणार. माधवीनं मधे दोनदा ‘कृपया’ घातलं, ते तिनं काढायला लावलं.

पावणेपाचला लेख तयार झाला. माधवीचं बोट बटनावर होतं, तेवढ्यात इरा म्हणाली, "थांब आई. बाबा, एकदा आवाज चालू करा. बर्फावर त्याची पावलं कशी वाजतात, तेवढं लिहिते."

पेपर तपासून झाले होते. मी आवाज लावला आणि भियाला चालवलं.

खण्ण. खळ्ळ. खडाड्. खण्ण.

"बाबा," दारामागून, "हा कसला आवाज आहे?"

"चालण्याचा."

"कोण चालून राहिलंय, भंगारवाला?"

दार उघडलं. इरा काळा चष्मा लावून, हात लांब ठेवून बाहेर आली, तिरक्या नजरेनं पडद्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "ती लाल पिशवी कधीपासून आहे?"

"कालपासून. भाजीची आहे."

"बाबा, त्रिकोणाचं बटन दाबा. आई, वाच काय लिहिलंय ते."

माधवी टाचणी टोचल्यासारखी सरळ बसून वाचू लागली, "रिकाम्या बाटल्या, एकशे बारा. फुटक्या टोपल्या, चाळीस. बादल्या, तेहतीस. हाडं..." इथं तिनं माझ्याकडे बघितलं. "हाडं दोनशे सहा."

"इतकं सगळं पाठीवर घेऊन तो दोन दिवस चालतोय," इरा हळूच म्हणाली. "त्याच्या जागी हत्ती पण बसला असता." मग तिचा आवाज बदलला. "बाबा, त्या लोकांनी कितीतरी वर्षं मेहनत केली आहे यावर. आणि मी त्यांना सबसे निराशाजनक लिहून टाकलं. पाठवलं असतं तर ज्यांनी खेळलाय ते सगळे हसले असते माझ्यावर. पहिल्याच लेखात."

घड्याळात चार पन्नास झाले होते.

"फेका सगळं," ती म्हणाली. "फेका आणि चढा. एक तास आहे."

"कुठे फेकू?"

"कुठे म्हणजे? खाली."

"रस्त्यावर?"

मी माधवीकडे बघितलं. तिनं माझ्याकडे. चौकाचौकांत निळ्या-हिरव्या डब्यांचे फलक लावणाऱ्या शहरात आम्ही संसार केला आहे. मी भियाला गोल फिरवून बघितलं. त्या राज्यात राजवाडा होता, तुरुंग होता, तीन देवळं होती. कचरापेटी एकही नव्हती.

"सकाळी गाडी येत असेल," माधवी म्हणाली.

"आई, तिथे सूर्यच उगवत नाही, सकाळ कुठून येणार? बाबा, प्लीज."

"ठीक आहे," मी म्हणालो. "पण नीट टाकू. झाडाच्या डाव्या बाजूला ओला, उजव्या बाजूला सुका."

"बाबा!"

"दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांचं नव्हतं. बाटल्या सुक्यात गेल्या, सफरचंदं ओल्यात गेली, बादल्यांवर मतभेद झाला नाही. मग हाडं आली.

"ओल्यात," मी म्हणालो.

"वाळलेली आहेत. सुक्यात," माधवी म्हणाली.

"ती कुजतात."

"तुला काय माहीत? आपल्या घरात कधी निघाली आहेत का?"

या मुद्द्यावर आमच्या दोघांकडेही अनुभव नव्हता. पाच वाजून बारा मिनिटांनी इरानं, डोळे आलेले असताना आणि डॉक्टरांनी मनाई केलेली असताना, माझ्या हातातून कंट्रोलर ओढला, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि न बघता दोनशे सहा हाडं एका झटक्यात रस्त्याच्या मधोमध ओतली. मग कंट्रोलर सॅनिटायझरनं पुसून परत माझ्या हातात ठेवला.

"आता पळा."

आणि भिया पळाला. हरणासारखा पळाला. लांडगे मागे राहिले. मी कड्याकडे उडी मारली, तर त्यानं कडा पकडला. इरा भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि माधवी धावतं वर्णन करत होती, "वर चढला. हात सुटला. नाही, धरला. बाई गं, खाली ढग आहेत." मला हळूहळू समजायला लागलं, की लोक म्हणत होते ते खरं होतं. पाच चाळीसला आम्ही शिखरावर पोचलो. भियानं दोरी ओढली. घंटेचा आवाज इतका खोल होता, की शोकेसमधल्या कपबशा थरथरल्या, आणि खोऱ्यात एकेका घरावर ऊन पडत गेलं. इरानं चष्मा वर करून अगदी एक क्षण बघितलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही चहा टाका. आई, लॅपटॉप घे."

मी चहा टाकून आलो, तेव्हा पाच सत्तावन्न झाले होते आणि लेख गेलेला होता. डोंगरवाला गेम पहिल्या नंबरवर, एवढं मला सांगितलं. बाकीचं छापून आल्यावर वाचा म्हणाली.

पुढच्या आठवड्यात छापून आला. सदर इरालाच मिळालं. मी ऑफिसात होतो. लिंक आली तसा मी आधी ती सगळीकडे पाठवली. ऑफिसचा ग्रुप, कॉलनीचा ग्रुप, आमच्या कुळाचा एकशे चाळीस जणांचा ग्रुप. सोबत लिहिलं, ‘या लेखात माझाही थोडा हातभार आहे.’ मग सावकाश वाचायला घेतला.

शेवटच्या परिच्छेदात तिनं लिहिलं होतं, की या वर्षी तिला निराशाजनक म्हणावा असा गेम एकही सापडला नाही. त्यामुळे ती जागा ती एका खेळाडूला देते आहे, ज्यानं दोनशे सहा हाडं पाठीवर घेऊन डोंगर चढायचा प्रयत्न केला आणि दोष डोंगराला दिला. खेळाडू तिच्या घरातच राहतो, तिला तो फार आवडतो, पण निकाल म्हणजे निकाल.

मेसेज परत घ्यायचं बटन मी शोधत होतो, तोवर हातोदच्या आत्याचं उत्तर आलंसुद्धा. माझी ही आत्या एक्क्याऐंशीची आहे, लहानपणी माझा अभ्यास तीच घ्यायची, आणि आलेला प्रत्येक शब्द ती चष्मा लावून वाचते.

‘वाचलं रे. निराशाजनकमध्ये का होईना, पण पहिला आलास. शाळेत कधी नाही आलास.’