डाव्या हाताचा पुतळा

आमच्या शोकेसमध्ये सध्या माझा डावा हात उभा आहे. प्लास्टरचा, पांढराशुभ्र. घरी करून बघायची हौस माझीच.

"उजव्याचा का नाही केलात?" बायकोनं विचारलं.

"मग प्लास्टर कालवणार कोण?"

खरंच, साच्याचा लगदा घोटला उजव्यानं, प्लास्टर कालवून ओतलं उजव्यानं, वाळल्यावर साचा सोलून कडा घासल्या त्याही उजव्यानंच. त्याच्या नखांत अजून पांढरं अडकलंय. डाव्यानं काय केलं? तो लगद्यात निवांत पडून राहिला, एवढंच. ज्याच्यावर आजवर कुणी तीर्थसुद्धा घातलं नाही, त्याला पाहून काल मेहुणी म्हणाली, "अय्या भाऊजी, काय देखणा हात!"

देखणा असणारच. ऐदी माणसंही अशीच देखणी दिसतात. स्टेजवर शाल-श्रीफळ घेताना बघावीत त्यांना. जन्मभर जागचं न हलल्याचं तेज तोंडावर नुसतं ओसंडत असतं, आणि ज्यांनी सगळं उभं केलं ते मागे सतरंज्या झटकत असतात.

शोकेसमध्ये धूळ फार बसते. आज सकाळी त्या देखण्या बोटांच्या बेचक्या मी फडक्यानं पुसून काढल्या. उजव्या हातानं, अर्थात.