गार राहिलेली खोली

आण्णा गेल्याचा निरोप शेजारच्या दुकानातल्या फोनवर आला. बेळगावच्या कॉलेजात शिकवता शिकवता तो खुर्चीत बसला, तो उठलाच नाही... संध्याकाळपर्यंत निपाणीचं आमचं घर माणसांनी गच्च भरलं. मी त्याची धाकटी बहीण, तरी लाडानं त्याची 'आक्का', त्यानंच वाढवलेली, आणि माझ्या डोळ्याला पाण्याचा टिपूस नाही. काकी पाठ चोळत म्हणाली, "रड गं बाई, लई साठवू नगंस." रडू येईना. आठवडे गेले, माणसं येतच राहिली, तरी येईना. आरशात चेहरा नेहमीसारखा तजेलदार. मला त्या चेहऱ्याचीच भीती वाटू लागली.

आण्णा दीर्घिकांचा अभ्यास करायचा. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची वस्ती, हे त्यानं मला शेतावर शिकवलं. पहाटे तंबाखूचं वाळलेलं पान दवानं मऊ पडतं, तेवढ्यातच ते उचलायचं. ऊन चढलं की हातात चुरा. पान उचलता उचलता तो म्हणाला, "ताऱ्याचंबी असंच. वायू गार असला तरच गोळा हुतो, तारा जन्मतो. तापला की पांगला."

"मग गार वायू संपतो कशानं?"

"थोडा ताऱ्यांत खर्च हुतो, थोडा त्यांच्याच जाळानं उधळतो. पण लई ठिकाणी गर्दीनं, आक्का. दीर्घिकांच्या घोळक्यात तापल्याला वायू भरल्याला असतो. त्यातनं जाताना दीर्घिकेतला गार वायू वरबाडून निघतो. एकटी असती ती राखून असती."

"मग ती मेली म्हणायची?"

"बघून कळत न्हाय गं. जुनं तारं जळतच असत्यात. लांबनं लखलखीत दिसती, आत नवं कायच जन्मत न्हाय." तेव्हा सकाळच्या उजेडातही माझ्या अंगावर काटा आला होता.

परवा त्याचं सामान आणायला एकटीच बेळगावला गेले. उन्हाळ्याची दुपार, पत्र्याखालची खोली. भट्टी असायला हवी होती. मालकीणबाई उंबऱ्याशीच थांबल्या. "सर गेल्यापासनं ही खोली अशीच गार हाय. नवा भाडेकरू आत आला आनि तसाच उलटा फिरला. मीबी जात न्हाय."

त्या जिना उतरून खाली गेल्या. मी आत पाऊल टाकलं. अंगावरचा घाम सुकला. खुंटीवर त्याचा सदरा, खाटेवर पाठ टेकून पडलेला खळगा... कुणीतरी आत्ताच उठून जागा दिल्यासारखा. मी भ्यायले, तरी त्यातच बसले. "आण्णा," म्हटलं. आणि छातीत कुठंतरी काहीतरी गोळा होऊ लागलं, घशाशी आलं, फुटलं. मी हंबरडा फोडला.

जिन्यात पावलं वाजली. मालकीणबाई घाबरून विचारत होत्या, "आक्का, येऊ का वर?"

"नगं," मी ओरडले, "कुणीच येऊ नगा."