मामाने चकचकीत केलेला स्विच

अक्का जुन्या मोटारींचे स्विच दुरुस्त करीत, आणि त्यासाठी त्यांना प्रामुख्याने कागद लागे. स्विच उघडायचा, आतले वीज जोडणारे, काजळी धरलेले पॉइंट स्पिरिटने पुसायचे, मग ते एकमेकांवर टेकवून मधून कोऱ्या कागदाची पट्टी ओढायची. पट्टीवर काळी रेघ उमटेनाशी होईपर्यंत. पॉलिश पेपरला त्यांच्या टेबलावर सक्त मज्जाव होता. त्याने पॉइंटवरचा चांदीचा पातळ थरच खरवडून जातो, आणि मग स्विच तापू लागतो.

त्या दिवशी जावयाच्या गाडीचे दिवे मध्येच विझू लागले होते, आणि त्याला व लेकीला रातोरात घाट ओलांडायचा होता. अक्का बाहेरून परतल्या तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे मामाने, स्विच साफ करून बसवलाही होता. आरशासारखा चकचकीत केलाय, असे त्याने फुशारकीने सांगितले.

कशाने, हे अक्कांनी विचारले नाही. मामाच्या बोटांवरची पॉलिश पेपरची तांबूस पूड पुरेशी होती. त्या गाडीत बसल्या, दिवे लावले आणि डॅशबोर्डखाली हात घालून स्विचची पाठ धरली.

दिवे लख्ख लागले. लेकीने सामान ठेवले. अक्का आता स्विचची नाडी बघतेय, अशी कोटी मामाने केली; कोणी हसले नाही. जावई मावळतीकडे पाहत येरझारा घालू लागला.

"आई, लागलेत ना दिवे? निघू द्या आता."

"घाटाच्या वळणावर गेले तर?"

स्विच कोमट झाला, मग गरम. अक्कांनी ओठ घट्ट मिटले, पण हात काढला नाही. जळका वास सुटला, दिवे थरथरले आणि विझले. समोरची भिंत एकदम काळी पडली.

अक्कांच्या तळव्यावर लाल चट्टा उठला होता. मामा तो पाहत राहिला. तसला दुसरा स्विच अक्कांच्या दुकानात नव्हता. होता तो शेडमध्ये झाकून ठेवलेल्या मामाच्या स्वतःच्या गाडीत, जिला तो कोणाला बोटही लावू देत नसे. पेचकस घेऊन तो तिकडे गेला.

परत आल्यावर त्याने काढून आणलेला स्विच आणि कोरी पट्टी अक्कांपुढे ठेवली.

"तूच कर," अक्का म्हणाल्या. "माझा हात भाजलाय."

पट्टी कोरी निघेपर्यंत मामा ती ओढत राहिला. स्विच बसवून दिवे लावल्यावर या खेपेस त्याची पाठही मामानेच धरली. बराच वेळ गेला, तरी ती हाताला सोसेल इतकीच कोमट राहिली. मग अक्कांनी जावयाला मान हलवून निरोप दिला.

मामा त्या रात्री आपली गाडी शेडमध्येच ठेवून पायी घरी गेला.